पर्पल आयलंड, नववी ब

दोह्याहून निघताना चौतीस मोजली.
अल खोरच्या पेट्रोल पंपावर परत चौतीस,
उलटी करून आलेला जोएल वर्गीस धरून.
माझ्या गळ्यात शिट्टी, हातात
झेरॉक्स केलेले अकरा प्रश्न.

लाकडी पूल ओलांडला की बेट.
बेट कसलं, ओहोटीच्या चिखलात
फतकल मारून बसलेला बुटका खडक
आणि भोवती तिवरं.
वर्गात मी मॅन्ग्रोव्ह म्हणते.
इथे तोंडात तिवरच आलं,
मग गिळलं,
नववी ब मध्ये मराठी कळणारी तिघंच.

"मिस, पर्पल कुठाय?"
रिदा अन्सारीचं बरोबर होतं.
खडक पिवळट, चिखल राखाडी,
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं.
सांगितलं, हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं
समुद्रातल्या गोगलगायी ठेचून जांभळा रंग काढायची,
बड्या लोकांच्या कपड्यांना.
"म्हणजे आता संपला?"
संपला. लिहा, प्रश्न तिसरा.

पानाला जीभ लावून बघा, म्हटलं.
झाड खारं पाणी पितं
आणि मीठ पानांवर आणून टाकतं.
मागून कुणीतरी म्हणालं,
बाबा साइटवरून आल्यावर त्यांच्या शर्टाच्या पाठीवर असतं, तसं.
थोडं हसू झालं. मग नाही झालं.
कोण बोललं ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

प्रश्न पाचवा चालू असताना
मृण्मयी सुर्वे गुडघ्यापर्यंत आत गेली.
मी शिट्टी वाजवली. शिट्टीने काय होणार?
दोघांनी तिचे हात ओढले, ती आणखी खोल.

तेव्हा बसमधून दाऊद मुकादम उतरले.
बावीस वर्षं गाडी चालवतायत,
सहलींच्या पोरांना घेऊन कितीदा या पुलापर्यंत आले,
पुलाच्या पुढे कधीच नाही.
चपला फळ्यांवर, पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली,
आणि चिखलात असे चालत आले
जसं कुणी आपल्याच घरात अंधारात चालावं.

"अगो, ओढू नको. ओढणाऱ्याला तो सोडत नाय.
टाच हलव. आधी टाच.
जरा वारा जाऊ दे खाली."

पाय आला. बूट राहिला.
कुठले हो तुम्ही, विचारलं.
"बाणकोट. खाडीच्या अंगाला."
एवढंच, आणि वाकून
चिखलातून वर आलेल्या काड्यांकडे बोट केलं.
"ही झाडाची नाकं. वर पाय देऊ नका, गुदमरेल."
माझ्या कागदावर त्याला श्वासमुळं म्हटलं होतं.
मी खोडलं नाही, पण कागद खिशात ठेवला.

मग ते पुढे आणि नववी ब मागे.
त्यांची हिंदी अर्धी अरबी,
तरी सगळ्यांना सगळं कळत होतं:
कुठलं बीळ खेकड्याचं, कुठलं रिकामं,
पाणी परत फिरलंय हे
पायाच्या कुठल्या बोटाला आधी समजतं.
मी खडकावर बसून मोजलं.
पस्तीस.
परत मोजलं. पस्तीस.
छातीत धस्स झालं, आणि मग उमगलं,
रांगेत सगळ्यात पुढचं, सगळ्यात मळलेलं पोर
साठीला आलेलं होतं.

परतताना त्यांनी अर्ध्या बाटलीत पाय धुतले,
उरलेलं पाणी मृण्मयीला दिलं.
"कंपनीला सांगू नका मॅडम, गाडी सोडून गेलो ते."
नाही सांगितलं.
बसच्या पायरीवर वाळत गेलेला चिखल
दोह्यापर्यंत भुरभुर झडत होता.
आरशात पाहिलं तर ते कसलं तरी गाणं
ओठांतच म्हणत होते, आवाज न करता.

रविवारी मृण्मयी नवे बूट घालून आली.
हजेरी चालू असतानाच उठली,
मोजा खाली सरकवला.
पोटरीवर, चिखलाने आवळलं होतं तिथे,
बोटभर रुंद वळ.

"मिस," ती म्हणाली, "पर्पल."