समासातलं काहून

गोकुळपेठेत, रसवंतीच्या वरच्या माळ्यावर
देवतळे वाचनालय. महिन्याचे पंधरा रुपये, अनामत वेगळी.
तिथे मी बारा वर्षं परत आलेली पुस्तकं तपासली.
आवडलं का, असं कोणाला विचारलं नाही.
विचारलं की लोक ‘बरं होतं’ म्हणतात.
पुस्तकंच सांगायची.

प्रेम आणि खून एकाच मुखपृष्ठावर असलेल्या कादंबऱ्या
मधल्या रॅकवर, कूलरच्या वाऱ्यात.
एखादी दुसऱ्याच दिवशी यायची,
पानांच्या कडेला सावजी रश्श्याची तांबडी बोटं,
म्हणजे जेवतानाही खाली ठेववली नव्हती.
एखादी तीन आठवड्यांनी,
त्रेसष्टाव्या पानात हिंगण्याच्या बसचं तिकीट
आणि पुढे सगळं करकरीत.
त्या तिकिटापलीकडे कोणी गेलं नाही.
नायिका अजून तळघराच्या पायरीवर
मेणबत्ती धरून उभी असेल.

हेमलता पौनीकर, मेयोत रात्रपाळीची नर्स,
समासात शिसपेन्सिलीने लिहायची.
नियमाने दंड एक रुपया.
तो मी घ्यायचो, खोडरबर काढायचो,
आणि वाचत बसायचो.

‘हा खोटं बोलून राहिला. ओले बूट घालून
कोणी दिवसभर घरीच होतो म्हणते का?’

‘वीज कडाडली, दिवे गेले. आमच्याकडे रोज जातात.’

‘मिठी चांगली आहे. पण एवढा वेळ
खुनी दाराआड काय करून राहिला होता?’

‘जुळा भाऊ निघाला. माझ्या चार रात्री परत द्या.’

आणि एका मलपृष्ठाच्या आत, बारीक अक्षरात:
‘खून कोणी केला ते शेवटी कळलं तरी चालते.
पण ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातचा चहा
ती काहून पिते, हे मला आधी पाहिजे.’

काहून.
दर दहा पानांनी हा शब्द, कधी नुसताच,
कधी खाली दोन रेघा.

एका पुस्तकात मात्र काहीच नव्हतं.
फक्त एकशे एकेचाळीसाव्या पानावर,
जिथे तो तिची किल्ली परत देतो
आणि कुठे गेली होतीस, विचारत नाही,
तिथे पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका.
ते पुस्तक मी हरवलं म्हणून नोंदवलं.
घरी आहे.

मग मीच एक लिहिली.
दोन उन्हाळे, हाती, शाळेच्या वह्यांवर.
फुटाळ्याच्या काठी प्रेत, निळी फियाट,
गॉगल घातलेला एक अनोळखी मनुष्य,
तीन चुंबनं, सातव्या प्रकरणात गोळीबार.
सगळं माप बरोबर होतं.
बाइंडिंग केलं, खोटं नाव टाकलं,
शिक्का मारून मधल्या रॅकवर ठेवली.

ती मे महिन्यात घेऊन आली. सेहेचाळीस डिग्री.
रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.
वाळ्याचा वास, कूलरची घरघर.
पुस्तक तिने टेबलावर उघडंच ठेवलं. सतरावं पान.
‘भीती लिहिली आहे. पण लिहिणारा
कधी कोणासाठी घाबरला नाही वाटते.’

मी काही बोललो नाही.
समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले,
त्या उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून,
कप बशीत वाजत होते.

परत आलो तेव्हा त्या पानावर
तिने आपल्या अनामतीची पावती ठेवली होती,
माझ्या हातची, दोन वर्षांपूर्वीची.
पावतीतला ‘ळ’ आणि फुटाळ्यातला ‘ळ’
शेजारी शेजारी.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मग कपाकडे, बराच वेळ.
साय धरली चहावर.

मग बोटाने साय बाजूला केली
आणि कप उचलला.

काहून, ते त्या समासात नाही.
मी प्रत्येक पान तपासलं.