चौदा टन

अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या दारात
चाळीस फुटी कंटेनर उभा.
आतून रुंदी सात फूट आठ इंच.
नरसय्या गज्जमनं टेप दोनदा लावला,
मग वितीनं मोजलं. भरवसा वितीवर.

टॉवेलचे खोके छतापर्यंत.
शेवटचा चार बोटं बाहेर.
बालव्वानं तो फोडला,
गुडघा रोवून टॉवेल दाबले,
सुतळी आवळली. गेला.

दारावर पांढऱ्या अक्षरांत: साडेसव्वीस टन.
काट्यावर माल भरला जेमतेम बारा.
ड्रायव्हर हसला,
"मामा, चौदा टन फुकट चाललेत की!"

आत बोट शिरायला जागा नव्हती.

नरसय्या खोकला. बराच वेळ.
तीस वर्षांची रुई,
ती कुठल्या काट्यावर येत नाही.
मग सील ठोकलं,
नंबर वहीत उतरवला.