तांदळाची यादी

म्हापशाच्या बाजारात ल्यांगबाब दात बसवायचे.
मकावच्या बोटीने आलेले,
खिशात पोर्तुगीज कागद, जिभेवर कुणाचंच नाव नाही.

एकदाच, फेणीच्या दुसऱ्या पेल्यावर, म्हणाले:
जपान्यांच्या काळात मी धान्यखात्यात होतो.
खुर्ची तीच. भिंतीवरचा झेंडा तीनदा बदलला.
कुणाला तांदूळ, कुणाला नाही, एवढंच मी लिहायचो.
अक्षर माझं फार सुरेख.
नावावर रेघ मारताना पट्टीसुद्धा लागत नसे.

एकसष्टच्या डिसेंबरात पूल उडाले,
आणि दुसऱ्याच सकाळी इस्त्रीचा कोट घालून ते दारात:
‘नव्या सरकारला याद्या करणारा लागेल?’

मी हसलो नाही.
फाझेंदचा शिक्का
तेव्हा मी रॉकेलने पुसत होतो.