दोन कड्या

मे महिन्यात नागपुरातल्या साऱ्या मुली
डोळे तेवढे सोडून दुपट्टा गुंडाळतात.
मला आवडतो मे.
शंकरनगरच्या सिग्नलवर
माझा गळा कुणाच्याच गळ्याहून वेगळा नसतो.

सोळाव्या वर्षी गाठ काढली,
मग आयोडीन, बंद खोली, दाराबाहेर ताट.
लाळ सुटावी म्हणून बाबा
काटोलची आंबट संत्री आत पाठवायचे.
लाळ आटली ती आटलीच.
आता संत्र्याच्या फोडीवरही मला पाणी लागतं,
हे बाबांना सांगितलेलं नाही.

पहाटे साडेपाचला गोळी, उपाशीपोटी.
चहा तासाभराने.
अकरा वर्षं.

डॉक्टर मेंढे फाईल उलटत जातात.
हाडं पन्नाशीतल्या बाईची.
रात्री छातीत धडधडतं? पायात गोळे?
रक्त सहा महिन्यांनी,
स्तन दरवर्षी तपासायचे, आत्तापासूनच.
"घाबरायचं नाही, लक्ष ठेवायचं फक्त."
किती वर्षं, ते मी विचारत नाही.
तेही सांगत नाहीत.

मावशीला फोनवर आई म्हणते,
बरी आहे न, केव्हाचीच.

आणि परवा मला इतवारीत नेलं, ठुशी करायला.
सोनाराने गळ्याभोवती दोरा धरला.
"थोडा वर घ्या," आई म्हणाली,
"अजून. हां, तिथे."
मी आवंढा गिळला, कोरडाच,
दोरा हलला.
त्याने काही विचारलं नाही.
"अंग भरते जी पुढं, चाळिशीत वगैरे.
दोन कड्या जास्तीच्या ठेवतो,"
म्हणाला, आणि माप
पावतीच्या मागे लिहून घेतलं.