कागदी पेले

रुवीत, शिंप्याच्या दुकानावर तिसरा मजला.
शुक्रवारी सकाळी नऊला आमचा वर्ग भरतो.
छतावर धूर हुंगत बसलेल्या त्या यंत्राला
आधी अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालते,
मग बिर्याणीच्या ॲल्युमिनियमच्या परातीत
चार समिधा, चमचाभर तूप.
भटजी नाही. मुद्दामच नाही.
मंत्र मुलं म्हणतात, मुली आधी,
आणि पहिल्या स्वाहाला वॉचमन शफीकुल
जिन्याचं दार हळूच लोटून घेतो.
आम्ही त्याला कधी सांगितलं नाही,
त्यानं कधी विचारलं नाही.

मग मी गोष्ट सांगते. दरवर्षी तीच.
माझ्या पणजोबांनी भर चैत्रात
आपला आड सगळ्या गावाला खुला केला.
सोयरे सहा वर्षं पंगतीला आले नाहीत.
पणजीनं लेकीचं लग्न भटजीवाचून लावलं,
मंगलाष्टकं स्वतःच जुळवून;
त्यातली एक ओळ वृत्तात बसत नव्हती,
तरी रेटून म्हटली.
मुलांना तो आड फार आवडतो.
चित्र काढतात : गोल कठडा, दोर, पोहरा,
आणि शेजारी, का कोण जाणे, एक उंट.

लिंबराज कसबे रुसैलच्या कॅम्पातून येतो
दोन बस बदलून. सळया बांधतो.
त्याचा आजा तमाशा सोडून जलशात गेलेला,
त्याची कवनं लिंबराजला तोंडपाठ.
तो गायला लागला की
आमचे अकाउंटंट, इंजिनीयर नवरे
मोबाईल पालथे घालतात.

गाणं झालं की पाणी.
घरच्यांना स्टीलचे पेले,
कॅम्पवाल्यांना कागदी.
हे कुणी ठरवलं नव्हतं.
एका वर्षी माणसं जास्त झाली, पेले कमी पडले,
"आणि धुवायचं कुणी?" असं मीच म्हणाले होते.
तेव्हापासून.

आर्जवी. वय नऊ, पुढचे दोन दात नाहीत.
पाण्याच्या मोठ्या बाटलीला टेकून म्हणाली,
"मावशी, आपला आड कुठंय?"
म्हटलं, इथं आड नसतो गं.
समुद्राचं पाणी घेतात, मीठ काढतात,
नळाला सोडतात.
"मग तो समुद्र खुला कुणी केला?"
सगळे हसले.
लिंबराजही हसला,
हातातल्या पेल्याची कड भिजून मऊ झालेली.

रात्री मला तो पेला दिसत राहिला.
पणजोबा नाही दिसले. ते बरंच झालं.

मंगळवारी मत्रहच्या बाजारातून
चाळीस पेले आणले, स्टीलचे, एकसारखे.
दुकानदार म्हणाला, शादी है क्या?
म्हटलं, नहीं. और क्या बोलूँ, भाईसाब.

शुक्रवारी लिंबराजनं पेला घेतला,
एकदा फिरवून पाहिला,
मान मागं टाकली, आणि वरून,
ओठांपासून वीतभर उंचावरून
बारीक धार धरली. थेंब सांडला नाही.
"तोंड लावा की," मी म्हणाले.
"सवय हाय ताई. आईनं लावल्याली."
त्यावर मला काही सुचलं नाही.
माझ्या गोष्टीत एवढंच होतं की आड खुला झाला.
लोक पाणी कसं प्यायले,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आर्जवीनं पाहिलं. तिनंही पेला उंच धरला,
पाणी नाकात, गळ्यात, फ्रॉकभर.
मग सगळीच पोरं.
सतरंजी ओली, समिधांचा पुडा ओला,
कुणाची तरी आई ओरडतेय.
लिंबराज हसता हसता थांबला.
"असं न्हाई गं बाय, ठसका लागंल," म्हणाला,
"हे बघ, असं."
आणि तिला दाखवण्यापुरता
पेला ओठांना लावला.

जुम्म्याच्या बांगेला अजून पाऊण तास होता.
मी खुर्ची ओढली,
आणि छतावरची ती टोपी काढायला चढले,
जरा वेळ तिथंच उभी राहिले,
वर तोंड करून.