सराव

डिचोलीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
निवृत्त शिरस्तेदार बेर्नार्दबाब रोज साडेपाचला
माझी मुलाखत घेतात.
बाजूला टोनरचे तीन रिकामे डबे. ते प्राध्यापक.

"कायदाच का?"
मी पाठ केलेलं म्हणते : न्याय, समता, वंचितांचा आवाज.
ते चहात पाव बुडवतात.
"हे सगळेच म्हणतात. पुढं."

"मुंडकार म्हणजे कोण?"
व्याख्या येते मला, कलमासकट.
फक्त म्हणताना डोळ्यांपुढं आमची न्हाणी येते
आणि भाटकारानं तिच्या बरोब्बर मधून ओढलेली दोरी.
अर्धी बादली आमची, अर्धी वादातली.

बाबांच्या पिशवीत सतरा वर्षांच्या तारखा आहेत.
मामलेदार रजेवर. मामलेदार बदलले.
एकदा निवडणूक, एकदा फाईलच सापडेना.
दर वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात
आणि येताना मिरचीभजी आणतात,
जिंकल्यासारखी.

"हे सांगू का तिथं?"

बेर्नार्दबाब डब्यांकडे बघतात.
खाली मशीन कुणाचा तरी एक-चौदाचा उतारा छापत राहतं,
उजेडाची पट्टी जिन्यावरून जाते, येते.
"त्या फायलीवर शेरा मारणारा हात
चार वर्षं माझाच होता, बाय.
'पुढील तारीख.'
अक्षर चांगलं होतं माझं."

मी उत्तरांचा कागद उलटा करते.
"कायदाच का?" ते पुन्हा विचारतात,
या वेळी
खरंच माहीत नसल्यासारखं.