शिरकेवालीचं बोलणं

बाटली देते, पण आधी स्टुलावर बस.
तो नको, त्याचा पाय डुगडुगतो. हा घे.

नदीपलीकडच्या बागेतली मिस्केत सफरचंदं ही,
एका गालानं लाल, दुसऱ्यानं हिरवी,
गारांचा मार खाल्लेली,
अमास्याच्या बाजारानं परत पाठवलेली.
मी त्यांना सालीबियांसकट रांजणात घालते,
मूठभर हरभरे, चमचाभर मध,
वर जुन्या चादरीचं फडकं.
मग चिलटं येतात. गोडाचं आंबट कधी झालं
ते मला त्यांच्याकडूनच कळतं.

पुढे वर एक साय धरते, बुळबुळीत, जाड.
तिला आम्ही शिरक्याची आई म्हणतो.
तोंड वाकडं करू नकोस.
आईला कोण देखणी म्हणतं?

तुला बारीक व्हायचंय. लग्न कधी?
ऑगस्टात. हं.
हे बघ, तुझी कंबर हे पाणी कापून नेणार नाही.
जेवल्यावर रक्तातली साखर थोडी सावकाश चढते,
एवढं दवाखान्यातली फेरिहा डॉक्टरही मानते,
पण 'थोडी' म्हणताना बोटाचं पेर दाखवते.
बाकीचं, म्हणजे केस, गुडघे, नवऱ्याचा संताप,
ते सगळं मीही वीस वर्षं सांगितलं.
चांगलं खपायचं.

रेम्झीला साखर होती. माझा नवरा.
गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणायचा,
आणि घरात एवढे रांजण!
एका हिवाळ्यात त्यानं गोळ्यांची पाकिटं
खणात, मोज्यांखाली सरकवली
आणि रोज उपाशीपोटी अर्धा पेला शिरका, नुसता,
पाण्याचा थेंब नाही.
पेला मीच भरायचे. कौतुकानं.
दात आंबले, झिजले; चहा टोचायला लागला.
आम्ही म्हटलं, गुण येतोय.

पायाला त्याच्या आधीच कमी कळायचं.
मार्चमध्ये अंगठा काळा पडला.
इस्पितळात न्यायला मोजे काढताना
पाकिटं हाताला लागली, सगळी भरलेली.
मोजे मी दोन नेले होते.
घरी येताना एकच लागला.

तर. मोठ्या ग्लासभर पाण्यात एक चमचा,
जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी नाही.
नंतर चूळ भर, ब्रश लगेच फिरवू नकोस,
आंबटानं दात तेवढा वेळ हळवे असतात.
तोंडाला लावायचा तर विचारही नको;
शेजारच्या नेव्हालनं तीळ जाळायला कापूस बांधला होता,
तिळाजागी आता रुपयाएवढा चट्टा आहे,
फोटो काढताना ती मान वळवते.
घरात कुणाला साखरेच्या, लघवीच्या गोळ्या असतील
तर आधी औषधवाल्याला विचार, मला नको.
मी बाई सफरचंदं कुजवणारी.

खरं सांगू? काकडी चिर, कांदा चिर,
वर हे चार थेंब आणि मीठ.
तिथं तो कुणाला फसवत नाही.

आत खरखर ऐकू येतेय ना, तो रेम्झी.
लेबलं तोच चिकटवतो हल्ली, खुर्चीत बसून.
'औषध नाही' ही ओळ त्यानंच घालायला लावली,
नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

लेबल जरा तिरकं आहे तुझं.
असू दे.
बाटली परत आणलीस तर पैसे कमी करीन.